स्कापा फ्लो आणि लायनेस : चार दिवसांत एक नौदल तळ

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी बेटं आहेत. त्यांच्या मधोमध, बेटांनीच वेढलेला सुमारे ३२५ चौरस किलोमीटरचा समुद्र म्हणजे स्कापा फ्लो. खोली बेताची, बहुतेक ठिकाणी ३० मीटरच्या आसपास. बाहेर अटलांटिक खवळलेला असला तरी आत जहाजं नांगरून राहू शकतात. दोन्ही महायुद्धांत ब्रिटनच्या मुख्य आरमाराचा मुक्काम इथंच होता. १९१६च्या मे अखेरीस ग्रँड फ्लीट जटलँडच्या लढाईला इथून निघालं. १९४१च्या मे महिन्यात 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेच्या मागावर गेलेली ब्रिटिश युद्धनौका 'हुड'ही इथूनच निघाली आणि परत आली नाही.

जागा उत्तम, फक्त तिला दारं फार. पश्चिमेला हॉय साउंड (साउंड म्हणजे बेटांमधली सामुद्रधुनी), दक्षिणेला हॉक्सा साउंड आणि त्याच्या शेजारचा स्विथा साउंड, पूर्वेला छोट्या बेटांमधल्या चार अरुंद फटी. इथला युद्धकाळ समजून घ्यायचा तर तोफा मोजण्यापेक्षा ही दारं कशी बंद केली, कुठली उघडी राहिली आणि का, हे पाहावं. पुढचा बेत तसाच आखला आहे. क्रूझ जहाजावरून उतरणारे बहुतेक जण इटालियन चॅपल आणि कर्कवॉलचं कॅथेड्रल पाहून संध्याकाळी परत जातात. हॉय बेटावरचं लायनेस त्यात राहून जातं, आणि तळ तर लायनेसला होता.

मे मध्य ते सप्टेंबर मध्य हा काळ बरा. जूनमध्ये रात्री साडेदहालाही उजेड असतो. छत्री नेऊ नका, वारा ती पहिल्या तासात मोडतो. टोपी असलेला पाणी-वारा रोखणारा कोट हवा. दुर्बीण जरूर घ्या, कारण पाहायच्या निम्म्या गोष्टी पाण्यापलीकडे आहेत. गाडीशिवाय हा बेत चार दिवसांत बसत नाही. आणि एक लक्षात ठेवा : इथं कुणी 'मेनलँड' म्हणालं तर ते ऑर्कनीच्या सर्वांत मोठ्या बेटाबद्दल बोलत असतं, स्कॉटलंडबद्दल नव्हे.

दिवस पहिला : स्क्रॅब्स्टर, हॉय साउंड, नेस बॅटरी

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या स्क्रॅब्स्टरहून ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेसला जाणारी मोठी फेरी दीड तास घेते. गाडीची जागा उन्हाळ्यात आधी राखून ठेवावी लागते. डेकच्या उजव्या बाजूला उभे राहा. हॉय बेटाचे कडे आणि १३७ मीटर उंचीचा 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' हा सुळका त्या बाजूनं दिसतो. सुळका मागे पडला की जहाज पूर्वेला वळून हॉय साउंडमध्ये शिरतं, आणि हलणं तिथंच वाढतं. ओहोटीचं पाणी फ्लोमधून जोरात पश्चिमेला बाहेर पडत असतं आणि अटलांटिकच्या लाटा समोरून येत असतात. दोन्ही आमनेसामने आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, सुळका दिसल्यावर नव्हे.

हा प्रवाह म्हणजेच या दाराची पहिली कडी. पाण्याखालून संथ चालणाऱ्या पाणबुडीला इथं दिशा धरून राहणं अवघड. दुसरी कडी आत शिरताना डाव्या हाताला, स्ट्रॉमनेसच्या टोकावर दिसते : नेस बॅटरी. दुसऱ्या महायुद्धात इथं दोन सहा इंची तोफा होत्या. अशा किनारी तोफखान्याकडून युद्धनौका बुडवण्याची अपेक्षा क्वचितच असे. त्याचं रोजचं काम म्हणजे येणाऱ्या जहाजाची ओळख पटवणं. ठरलेली खूण दिली नाही तर त्याच्या पुढ्यात पाण्यात एक गोळा टाकायचा, तरी थांबलं नाही तर मग नेम धरून मारायचं.

बॅटरी फक्त वाटाड्याबरोबर पाहता येते आणि नोंदणी आधी करावी लागते. दारात जाऊन पाहू म्हटलं तर कुंपणाबाहेरून परत यावं लागेल. तोफांचे काँक्रीटचे कठडे आणि निरीक्षण मनोरे आहेतच, पण चुकवू नये अशी गोष्ट म्हणजे लाकडी बराकी. युद्धकाळातल्या अशा बराकी ब्रिटनमध्ये फार थोड्या उरल्या आहेत. जेवणाच्या बराकीच्या भिंतींवर ए. आर. वुड्स यांनी रंगवलेली चित्रं आहेत : गवताच्या छपरांची घरं, पवनचक्की, इंग्लंडमधलं खेडं, झाडं. ऑर्कनीत झाडं जवळजवळ नाहीत, हे बाहेर पडल्यावर ध्यानात येतं.

संध्याकाळी स्ट्रॉमनेसमध्ये गाडीत इंधन भरून घ्या आणि उद्याचं खाणंही. दुकानं लवकर बंद होतात.

दिवस दुसरा : लायनेस

हॉयला गाडी नेणारी फेरी मेनलँडवरच्या हाउटनहून सुटते. वेळापत्रक नीट वाचा. काही फेऱ्या थेट लायनेसला जातात, काही वाटेत फ्लोटा बेटाला लागतात, त्यामुळे त्याच प्रवासाला वेगवेगळा वेळ लागतो. स्ट्रॉमनेसहून हॉयच्या उत्तर टोकाला, मोनेसला, जाणारी छोटी बोट वेगळी. तिच्यात गाडी जात नाही आणि मोनेसहून लायनेस चालत जाण्याजोगं नाही. ही गल्लत हमखास होते. परतीच्या शेवटच्या फेरीची जागा सकाळीच नक्की करून ठेवा. बेटावर दुकानं मोजकी आहेत. दशम्या-चटणी बरोबर असली तर दिवस निभावतो.

धक्क्याला लागताना समोर दिसतो तो बैठ्या इमारती, काँक्रीटचे चौथरे आणि गवत यांचा पसारा. दुसऱ्या महायुद्धाच्या भरात इथं लष्करी आणि मुलकी मिळून १२,००० हून अधिक माणसं होती. किनाऱ्यावरच्या या तळाला नौदलाच्या रिवाजाप्रमाणे जहाजाचं नाव होतं, 'प्रोसरपाइन'. मुख्य धक्क्याच्या बांधकामाचा खर्च इतका वाढत गेला की लोक त्याला सोन्याचा धक्का म्हणू लागले. तळ १९५७मध्ये बंद झाला आणि नंतर बरंचसं पाडून टाकलं गेलं. म्हणून आधी संग्रहालयात जाऊन जुना नकाशा नजरेखालून घालावा आणि मग बाहेर फिरावं. उलट केलं तर चौथऱ्यांमधून चौथरेच दिसतात.

स्कापा फ्लो संग्रहालय तेलाच्या पंपघरात आहे. मोठ्या दुरुस्तीनंतर ते २०२२मध्ये पुन्हा उघडलं. पंप, बॉयलर आणि तेल तापवणारी यंत्रं जागच्या जागी आहेत, आणि तळाचं खरं काम काय होतं ते इथं कळतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आरमार कोळशावरून तेलावर गेलं. हे जहाजी तेल जड आणि दाट. ऑर्कनीच्या थंडीत नळातून पुढं सरकत नाही. म्हणून ते आधी तापवायचं, मग पंपानं ढकलायचं. टँकरमधून टाक्यांत आणि टाक्यांतून युद्धनौकांत, दोन्ही वेळा तेच. तापवणं थांबलं तर नळ्या तुंबतात आणि टाकी भरलेली असूनही जहाज रिकामं राहतं.

१९३६पासून जमिनीवर आणखी बारा टाक्या बांधायला घेतल्या गेल्या, त्यांची क्षमता एक लाख टन. पण लोखंडी गोल टाकी विमानातून फार लांबून दिसते. त्यामुळे मागच्या वी फिया टेकडीच्या पोटात खडक फोडून सहा भुयारी टाक्या करण्याचं काम १९३८मध्ये सुरू झालं. त्यांतही एक लाख टन तेल मावत असे. काम पुरं व्हायला १९४३ उजाडलं, म्हणजे हवाई हल्ल्यांचा जोर ओसरल्यावर. त्याआधी व्हायचं ते झालंच : १७ ऑक्टोबर १९३९ रोजी जर्मन विमानांनी 'आयर्न ड्यूक' या जुन्या युद्धनौकेचं इतकं नुकसान केलं की ती बुडू नये म्हणून उथळ पाण्यात नेऊन टेकवावी लागली. जटलँडच्या वेळी ॲडमिरल जेलिको यांचं निशाण याच जहाजावर होतं.

वी फियावर चढून जावं. १९४३मध्ये बांधलेलं नौदलाचं मुख्यालय आणि संदेश केंद्र तिथं आहे. पडक्या इमारतींच्या आत शिरू नका, छतांचा भरवसा नाही. वरून सगळा फ्लो एका नजरेत येतो : समोर फ्लोटा, उजवीकडे हॉक्साचं दार, पलीकडे मेनलँड. फ्लोटावर आज खनिज तेलाचं मोठं केंद्र आहे. आडोशाचं पाणी टँकरनाही तितकंच सोयीचं.

लायनेसचा दुसरा मोठा उद्योग जाळ्यांचा. बंदराच्या तोंडावर पोलादी दोरांची जाळी तरंगत्या पिंपांना लोंबकळत सोडलेली असे; ठिकठिकाणी फाटक, आणि ते ओढून उघडायला-मिटायला एक छोटं जहाज कायम उभं. खाऱ्या पाण्यात दोर गंजतात, शेवाळ आणि शिंपल्यांनी वजन वाढलं की पिंपं बुडू लागतात, आणि वादळात नांगर सरकले की जाळ्यात भगदाड पडतं. म्हणजे जाळी एकदा लावून भागत नसे. सतत बाहेर काढून, साफ करून, दुरुस्त करून परत सोडावी लागत. तळावरच्या हजारो माणसांपैकी बऱ्याच जणांचं युद्ध असल्या कामात गेलं.

संग्रहालयाबाहेर 'हॅम्पशायर' या क्रूझरचा पाण्यात फिरणारा पंखा (प्रोपेलर) ठेवला आहे. तिच्याबद्दल चौथ्या दिवशी. आत जर्मन आरमाराच्या जलसमाधीचा भाग सावकाश पाहावा. पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीनंतर जर्मनीची ७४ जहाजं इथं आणून अटकेत ठेवली होती. तहाची मुदत संपत आली असताना, २१ जून १९१९ रोजी सकाळी, ब्रिटिश ताफा सरावाला बाहेर गेल्याचं पाहून रिअर ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांनी ठरलेला संकेत दिला. जहाजांच्या बुडाच्या झडपा उघडल्या गेल्या, जलरोधक दारं उघडीच राहतील अशी अडकवून ठेवली गेली. संध्याकाळपर्यंत ५२ जहाजं तळाला गेली. त्या दिवशी झालेल्या गोळीबारात नऊ जर्मन मारले गेले. त्यांत 'मार्कग्राफ'चे कप्तान वॉल्टर शूमान होते.

पुढं १९२४मध्ये अर्नेस्ट कॉक्स या भंगार व्यावसायिकानं ही जहाजं वर काढायला घेतली, आणि त्याचा मुक्काम लायनेसलाच होता. जहाज वर काढण्याचा त्याला आधीचा अनुभव नव्हता. विनाशिकांसाठी त्यानं एका जुन्या तरंगत्या गोदीचे दोन भाग केले आणि ते बुडालेल्या जहाजाच्या दोन्ही बाजूंना उभे केले. जहाजाखालून साखळ्या घालून ओहोटीला ताणून बांधायच्या. भरती आली की पाणीच गोदी आणि जहाज दोन्ही उचलतं. मग उथळ पाण्याकडे ओढत न्यायचं आणि पुढच्या ओहोटीला तेच पुन्हा. पहिल्याच प्रयत्नात साखळीच्या कड्या तुटल्या. त्यानं साखळ्या टाकून जाड पोलादी तारदोर आणले आणि त्यावर काम चाललं.

मोठी जहाजं उलटी पडली होती, त्यांना हा उपाय चालेना. त्यांच्या वर आलेल्या तळाला लांब लोखंडी नळकांडी जोडून त्यांतून माणसं दाबाखालच्या हवेत आत उतरवली, भोकं बुजवली आणि हवा भरून जहाज तरंगवलं. 'मोल्टके'च्या वेळी अडचण आली ती अशी : आतल्या भिंतींतून हवा एका कप्प्यातून दुसऱ्यात जात राहिली, त्यामुळे नाळेकडचा भाग आधीच वर आला आणि जहाज कलंडलं. प्रत्येक कप्पा वेगळा बंद केल्यावरच ते १९२७मध्ये, उलटंच पण न कलंडता, वर आलं. १९२६च्या संपात कोळसा मिळेना, तेव्हा पंपांसाठी 'सायडलिट्झ'च्या बुडालेल्या कोठारांतलाच कोळसा काढून वापरला. आज तळाशी सात मोठी जहाजं आहेत, तीन युद्धनौका आणि चार क्रूझर. त्यांवर डायव्हिंगची परवानगी असते, पण ड्रायसूटचा आणि खोल पाण्याचा सराव असलेल्यांनाच तिथं काम. काहीही उचलून आणणं हा गुन्हा आहे.

लायनेसचं नौदल दफनस्थान १९१५मध्ये सुरू झालं. पहिल्या महायुद्धातल्या ४४५ आणि दुसऱ्यातल्या २०० थडग्यांखेरीज १९१९च्या गोळीबारात मेलेल्या जर्मनांचीही थडगी इथं आहेत. 'रॉयल ओक' या युद्धनौकेचे (तिची हकिगत तिसऱ्या दिवशी) हाती लागलेले २६ मृतदेह इथंच पुरले. निरनिराळ्या जहाजांच्या तारखा एकमेकींशेजारी वाचत गेलं की जाणवतं : इथल्या मृत्यूंत समोरासमोरच्या लढाईपेक्षा सुरुंग, स्फोट आणि वादळ यांचाच वाटा मोठा. 'व्हँगार्ड' ही युद्धनौका तर ९ जुलै १९१७च्या रात्री नांगरलेली असतानाच दारूकोठाराच्या स्फोटानं गेली. शत्रू आसपास नव्हता. जहाजावरच्या आठशेहून अधिक माणसांतले दोघे वाचले.

वेळ उरला तर लाँगहोपच्या रस्त्यावर गॅरिसन थिएटरचा काळा-पांढरा दर्शनी भाग पाहता येतो. मागचं नाट्यगृह गेलं, आता ते खासगी घर आहे, रस्त्यावरूनच पाहावं. आणखी पुढं हॅकनेसचा मार्टेलो मनोरा, म्हणजे किनारा राखणारा गोल बुरूज, नेपोलियनच्या काळातला, १८१३ ते १८१५ दरम्यान बांधलेला. तो बांधला होता अमेरिकन खासगी लढाऊ जहाजांपासून बाल्टिकला जाणारे व्यापारी ताफे वाचवायला.

दिवस तिसरा : पूर्वेची चार दारं, आणि हॉक्सा

कर्कवॉलहून दक्षिणेला सेंट मेरीज गावापर्यंत या. पुढं रस्ता थेट समुद्रावरून जातो. हा पहिला चर्चिल बांध, आणि त्याच्या जागी पूर्वी होता कर्क साउंड.

या फटी बंद करायची पहिल्या महायुद्धातली रीत म्हणजे जुनी व्यापारी जहाजं आणून आडवी बुडवणं. स्वस्त आणि झटपट, पण कायमची नाही. भरती-ओहोटीचं पाणी इथून दिवसात चार वेळा जोरात जातं. जहाजं त्यात सरकतात, मोडतात, खालची वाळू वाहून जाते. १९३९पर्यंत फटींत पुन्हा फटी पडल्या होत्या. कर्क साउंडमध्ये आणखी एक जहाज बुडवायचं ठरलेलं होतं, ते वेळेत पोचलं नाही. १३ ऑक्टोबरच्या रात्री मोठी भरती पाहून कप्तान ग्युंटर प्रीन यांनी यू-४७ ही जर्मन पाणबुडी पृष्ठभागावरूनच, बुडवलेल्या जहाजांच्या उत्तरेकडच्या बाजूनं आत आणली. आकाशात त्या रात्री उत्तरेचा प्रकाश होता.

बरंचसं आरमार आधीच बाहेर गेलेलं होतं. 'रॉयल ओक' मागे होती, कारण ती जुनी आणि संथ. तिच्या विमानविरोधी तोफांचा किनाऱ्यावरच्या रडार केंद्राला आधार व्हावा म्हणून ईशान्य कोपऱ्यात उभी केली होती. रात्री एकच्या सुमारास पहिला टॉर्पेडो नाळेला लागला. धक्का इतका बेताचा होता की आतच कुठंतरी स्फोट झाला असावा असं समजून बरेच खलाशी पुन्हा झोपले. शत्रू आत आला असेल ही शक्यताच कुणी धरली नाही. प्रीन यांना नळ्या पुन्हा भरायला तेवढा अवधी पुरला. १ वाजून १६ मिनिटांनी तीन टॉर्पेडो मध्यावर लागले, तोफांच्या दारूचा जाळ मजल्यांतून पसरला आणि तेरा मिनिटांत जहाज उलटून बुडालं. ८३५ माणसं गेली, त्यांत शंभराहून जास्त अठरा वर्षांखालची मुलं. शेजारी बांधलेल्या 'डेझी २' या छोट्या बोटीनं ३८६ जण वाचवले.

बांधांचं काम मे १९४०मध्ये सुरू झालं. आधी मँचेस्टर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नमुना करून प्रवाह तपासले. मग फटींवरून तारा ताणल्या आणि तारेच्या जाळ्यांत भरलेले दगड पाण्यात सोडले, एकूण सुमारे अडीच लाख टन. सुटा दगड टाकला असता तर प्रवाह घेऊन गेला असता. जाळीतलं वजन जागेवर बसतं. त्यावर काँक्रीटचे सुमारे ६६,००० ठोकळे, गाभ्याला पाच टनी, बाजूंना दहा टनी. बाजूंचे मुद्दाम अस्ताव्यस्त टाकलेले आहेत. सपाट भिंतीवर लाट पूर्ण जोरानं आदळून वर उडते, फटीफटींत शिरली की मोडते.

१९४२पासून कामाला उत्तर आफ्रिकेत पकडलेले इटालियन युद्धकैदी आले. कैद्यांना युद्धाच्या कामाला लावणं जिनिव्हा करारात बसत नाही, असं म्हणत त्यांनी काम थांबवलं. त्यावर सरकारनं बांधांना दक्षिणेच्या बेटांना जोडणारे रस्ते ठरवलं आणि काम पुढं सरकलं. कागदोपत्री पळवाटच ती; पण आज बांधांचा उपयोग तेवढाच आहे. औपचारिक उद्घाटन १२ मे १९४५ रोजी झालं, युरोपातलं युद्ध संपून चार दिवस उलटल्यावर.

पहिल्या बांधापलीकडे लँब होम बेटावर या कैद्यांनी उभारलेलं इटालियन चॅपल. दोन अर्धगोल पत्र्याच्या निसन बराकी टोकाला टोक लावून जोडलेल्या, समोर काँक्रीटचा दर्शनी भाग. आत पत्र्यावर साधे तक्ते ठोकून डोमेनिको कियोकेत्ती यांनी कोरीव दगड आणि विटा असल्याचा भास रंगवला आहे. बोट लावल्याशिवाय खरं वाटत नाही, आणि बोट लावायचं नाही. जाळीदार लोखंडी पडदा पालुंबी या लोहाराचा. दिवे मांसाच्या रिकाम्या डब्यांचे. बाहेरचा सेंट जॉर्जचा पुतळा काटेरी तारेच्या सांगाड्यावर सिमेंट लिंपून केलेला. क्रूझचे लोक दहा-साडेदहाला येऊ लागतात, त्याआधी जावं.

बाकीचे बांध ओळीनं. दुसऱ्यावर पूर्वेचा वारा आणि मोठी भरती एकत्र आली की लाटा रस्त्यावरून जातात. रस्ता बंद होतो आणि पलीकडे असाल तर पलीकडेच राहता. निघण्याआधी भरतीची वेळ आणि वाऱ्याची दिशा पाहा. तिसऱ्याजवळ १९१५ साली बुडवलेल्या 'रेजिनाल्ड'चा गंजका सांगाडा पाण्याबाहेर आहे. चौथ्याच्या पूर्वेला इतकी वाळू साचली आहे की बांध ओळखूही येत नाही. प्रवाह अडवला की वाळू कुठंतरी बसणारच.

दुपारनंतर हॉक्सा हेड. गाडी लावून पायवाटेनं तोफखान्यांपर्यंत जाता येतं. गवताखालचे खड्डे सांभाळा. हे आरमाराचं मोठं दार, म्हणून ते कायमचं बुजवता येत नव्हतं. इथं जाळी, तोफा, प्रकाशझोत आणि समुद्रतळावर केबल. पोलादी जहाज वरून गेलं की केबलमध्ये विद्युतप्रवाह निर्माण होतो, किनाऱ्यावर काटा हलतो आणि बसलेला माणूस त्या ओळीचे सुरुंग कळ दाबून उडवतो. २८ ऑक्टोबर १९१८ रोजी आत येऊ पाहणारी यूबी-११६ ही जर्मन पाणबुडी आधी पाण्याखालच्या श्रवणयंत्रांनी ऐकली गेली आणि मग अशाच सुरुंगांनी संपली. युद्ध थांबायला दोन आठवडे उरले होते. आतलं कुणी वाचलं नाही.

दिवस चौथा : स्कापा, वेथ, मार्विक हेड

कर्कवॉलजवळच्या स्कापा किनाऱ्यावर 'रॉयल ओक'चं स्मारक आहे आणि लांब पाण्यात हिरवी बोया. जहाज तिच्यापाशी सुमारे ३० मीटर खोलीवर आहे. ते दफनस्थान मानलं जातं, तिथं डायव्हिंगला बंदी. घंटा सेंट मॅग्नस कॅथेड्रलमध्ये आहे, शेजारी मृतांच्या नावांचं पुस्तक.

स्ट्रॉमनेसच्या रस्त्यावर ब्रिज ऑफ वेथ हे चार घरांचं ठिकाण लागतं. १६ मार्च १९४०च्या हवाई हल्ल्यात जेम्स इसबिस्टर इथं मारले गेले. त्या युद्धात ब्रिटनच्या भूमीवर हवाई हल्ल्यात मेलेले ते पहिले नागरिक. त्यानंतर फ्लोभोवतीच्या विमानविरोधी तोफा झपाट्यानं वाढल्या.

शेवट मार्विक हेडवर. ५ जून १९१६ रोजी लॉर्ड किचनर यांना रशियाला घेऊन निघालेली 'हॅम्पशायर' इथून दिसणाऱ्या पाण्यात यू-७५ या जर्मन पाणबुडीनं पेरलेल्या सुरुंगावर गेली. वारा ईशान्येचा आहे म्हणून आडोशासाठी पश्चिमेचा मार्ग निवडला होता. वारा फिरून वायव्येचा झाला, सोबतच्या विनाशिकांना वेग राखता येईना, त्या परत पाठवल्या. ७३७ माणसं गेली, बारा वाचली.

किचनर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती होते. १९०३मध्ये त्यांनी पलटणींना नवे क्रमांक दिले, आणि १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे मराठा पलटणींचे आकडे त्यातूनच आले. 'हॅम्पशायर' बुडण्याच्या पाच आठवडे आधी, २९ एप्रिल १९१६ रोजी, त्यांतल्या काही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियातल्या कुत या गावी शरण गेल्या होत्या. किचनर तेव्हा युद्धमंत्री होते.

कड्यावरचा किचनर यांच्या स्मारकाचा मनोरा १९२६चा. त्याभोवतीची नावांची भिंत २०१६ची, आणि तिच्यामुळे हे स्मारक एका सेनापतीपुरतं उरलं नाही. वाहनतळापासून चढ आहे, वाट ओलसर असते. मे-जूनमध्ये कड्यावर हजारो समुद्रपक्षी घरटी करतात. कड्याची कडा गवतानं झाकलेली आणि खालून पोखरलेली आहे. फोटोसाठी तिच्यापासून चार पावलं मागेच राहा. संध्याकाळची फेरी धरायची असेल तर इथून स्ट्रॉमनेसला पोचायला अर्धा तास धरा, आणि गाडी रांगेत लावायची वेळ त्यात वेगळी मिळवा.